नातवंडांच्या गोष्टींची पुस्तिका छापून घेतली, त्या दुकानाचा रिव्ह्यू (साडेतीन स्टार, अर्धा का कापला ते खाली वाचा)

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहिणार नाही. माणूस चांगला आहे आणि जो घोटाळा झाला त्यात थोडा वाटा माझाही आहे, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या (म्हणजे अबचौकाच्या) आतल्या बोळात जुन्या वाड्यांमधे डीटीपी, झेरॉक्स, बाइंडिंग, लग्नपत्रिका, प्रबंध असं सगळं करणारी जी दुकानं आहेत त्यातलं एक समजा. ज्यांना आपल्या नातवंडांच्या गोष्टी छापून घ्यायच्यात त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे, बाकीच्यांनीही वाचा, मधे मधे गोष्टी आहेतच, त्या सांगितल्याशिवाय मी राहणार नाही हे माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना माहितीये.

खरं तर सगळं सुरू झालं भिशीमुळे. चिंचवडात आमची बाराजणींची भिशी आहे, आणि दोन वर्षांपूर्वी तिथे एकमताने (म्हणजे माझं मत सोडून) ठराव झाला की नातवंडांच्या गोष्टी प्रत्येकीला दोनच, तिसरी सुरू केली की ५० रुपये दंड. दंडाच्या पैशातनं डिसेंबरात भेळ करायची. मागच्या डिसेंबरात १,२०० रुपये जमले होते त्यातले ८५० एकटीचे माझे. घरी येऊन सांगितलं तर सून म्हणाली, आई, दंड भरण्यापेक्षा पुस्तकच छापून टाका ना, वाटून टाका, ज्यांना वाचायचंय ते वाचतील. टोमणा होता का सल्ला ते मला अजून कळलेलं नाही पण मी मनावर घेतलं.

मालाची कमतरता नव्हतीच. थोरली नात सात वर्षांची, तिला सगळे ताई म्हणतात, आणि धाकटा छोटू, तेव्हा साडेतीन पूर्ण. ही दोघं जे काही बोलतात ते मी गेली काही वर्षं कॅलेंडरवर लिहून ठेवते, दुधाच्या हिशोबाच्या चौकोनात. म्हणजे "दूध दीड लिटर, छोटू – आज चंद्र कोणी खाल्ला" असं. सहा महिन्यांपूर्वी दूधवाल्याने हिशोब बघायला मागितला आणि पाच मिनिटं कॅलेंडरपुढे उभा राहून एकटाच हसत होता, त्याच्याकडे दंड वगैरे नसतो.

ही सगळी टिपणं मी फोनवर बोलून उतरवली. मराठी व्हॉइस टायपिंग आता बरंच चांगलं चालतं, फक्त पूर्णविराम देत नाही आणि "छोटू" म्हटलं की चारातनं एकदा "फोटो" लिहितं, त्यामुळे पहिल्या खर्ड्यात "फोटो रडायला लागला", "फोटोने चड्डी काढून फेकली" अशी वाक्यं होती. ती बसून दुरुस्त केली. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे साहित्य महामंडळाचे अठराही लेखननियम झोपेतनं उठवलं तरी सांगेन, तेव्हा शुद्धलेखनाची बाजू भक्कम होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी आहे.

दुकानात जायचं म्हणजे मी आपली पिंपरीहून मेट्रोत बसते ती सरळ कसबा पेठेला उतरते, तिथनं चालत. गाडी घेऊन जायचा विचारही करू नका, अबचौकात पार्किंग मिळालं तर लॉटरीचं तिकीट घ्या त्या दिवशी. दुकान पहिल्या मजल्यावर, जिना लाकडी, अरुंद, दोराला धरून चढायचा. गुडघे दुखतात त्यांनी खालनं फोन करावा, मालक स्वतः खाली येतो, हा मी मोठा गुण धरते.

मालकाने बसायला स्टूल दिलं, चहा मागवला आणि पहिल्याच वाक्यात विचारलं, "काकू, किती कॉप्या?" मी म्हटलं तीस. मग ऑफसेटचा विषयच नाही म्हणाला, त्याला प्लेटा बनवाव्या लागतात, तो खर्च शेकड्याने प्रती काढल्या तरच निघतो, तिसाला डिजिटलच. हे सरळ सांगितलं ते आवडलं. लगेच कव्हरचे नमुने काढले. लोण्याचा गोळा घेतलेला बाळकृष्ण आणि वर "दुधावरची साय". मी म्हटलं नको. म्हणाला, "काकू, आजीआजोबांचं पुस्तक म्हणजे हेच चालतं, नाव तेच असतं, फक्त खालचा फोटो बदलतो." मला आमच्या ताईने काढलेलं माझं चित्रच हवं होतं, ज्यात माझा चष्मा चेहऱ्यापेक्षा मोठा आहे, हाताला चार बोटं आहेत आणि पाचवं कुठंय विचारलं तर "ते कणकेत अडकलंय" असं उत्तर मिळालेलं. ते चित्र यांनी इतकं सुरेख स्कॅन केलं की क्रेयॉनचा खरखरीतपणासुद्धा दिसतो. कव्हरला पूर्ण पाच स्टार. त्यात आणखी एक, जाड कागद नुसता दुमडला तर घडीवर शाई तडकते आणि पांढरी रेघ दिसायला लागते, म्हणून यांनी मॅट लॅमिनेशन करून मग क्रीजिंग केलं, म्हणजे घडीच्या जागी आधी दाबून रेघ पाडली, मला माहितीही नव्हतं तरी स्वतःहून केलं.

अक्षराचा आकार. ते बारा पॉइंट लावणार होते. मी म्हटलं दादा, वाचणाऱ्यांचं सरासरी वय सत्तर आहे, दोघींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, सोळा लावा. सोळा लावल्यावर पानं फुगली, पंचेचाळीस झाली, आणि तिथे नवीनच गोष्ट कळली की मधे पिना मारून जी पुस्तिका होते तिची पानं चारच्या पटीत लागतात, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. म्हणजे अठ्ठेचाळीस. "काकू, तीन पानं कोरी सोडू का?" मला असं विचारायचं? मी तिथेच स्टुलावर बसून तीन गोष्टी लिहून दिल्या, चहा गार झाला.

फोटोंचं मात्र नीट ऐका. मी मुलाकडनं व्हॉट्सॲपवर आलेले फोटो पुढे ढकलले होते, फोनवर झक्क दिसत होते, प्रिंट काढली तर छोटूच्या नाकाचे चौकोन. व्हॉट्सॲप फोटो बारीक करून पाठवतं, छपाईला ते पुरत नाहीत. एकतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हमधे मूळ फोटो न्या. हे त्यांनी आठही फोटो एकेक मोठा करून दाखवून समजावलं, न वैतागता, मागे दोन पीएचडीची पोरं प्रबंध घेऊन ताटकळत उभी असताना. सुनेची अट होती की मुलांची पूर्ण नावं, शाळेचं नाव, युनिफॉर्मातले फोटो काही यायचं नाही, तेही त्यांनी पाळलं, एका फोटोत दप्तरावरचा शिक्का दिसत होता तो कापून दिला.

मग आलं प्रूफ. पीडीएफ फोनवर आली, अठ्ठेचाळीस पानं, मी आपली फोटो सुलटे आहेत ना, पानांचे नंबर बरोबर आहेत ना एवढं बघितलं आणि "ओके, छापा" असं पाठवलं. वर अंगठापण. इथे माझी चूक. फोनवर प्रूफ वाचता येत नाही हो, डोळे नुसते घसरत जातात. कागदावर प्रिंट मागा, पन्नासशंभर रुपये जास्त गेले तर गेले.

आठव्या दिवशी पुस्तकं आली. काय सांगू, गठ्ठा मांडीवर घेऊन मेट्रोत बसले होते, शेजारच्या मुलीला एक उघडून दाखवली, तिने कव्हर बघून "सो क्यूट" म्हटलं आणि मी तिला पिंपरी येईपर्यंत सोडली नाही. दुसऱ्या दिवशी भिशीत बारा वाटल्या, सोसायटीत पाच, भाऊ, बहीण, विहीणबाई, आणि सांगलीला नणंदेला कुरियरने.

चार दिवसांनी नणंदेचा फोन. आवाज गंभीर. म्हणाली, "वहिनी, वाचलं मी. पण एक विचारू का, पूजा असली म्हणून काय झालं, पोराला सकाळपासून उपाशी ठेवायचं? आणि वर हसताय सगळे?"

मला काही कळेना. पुस्तक उघडलं, पान सात.

आता मूळ गोष्ट सांगते. आमच्याकडे सत्यनारायण होता. छोटूला तेव्हा "भूक" म्हणता यायचं नाही, तो "भूत" म्हणायचा. गुरुजी कथेचा तिसरा अध्याय सांगत होते आणि हा बेडरूममधनं रडत आला, "मला भूत लागलीये, मला भूत लागलीये!" गुरुजी थांबले. पळी हातात तशीच. चष्म्यावरनं त्याच्याकडे बघून अगदी शांतपणे विचारलं, "कधीपासून?" तर हा म्हणाला, "सकाळपासून." यजमान म्हणून बसलेला माझा मुलगा सोवळ्यात लोळायचा बाकी राहिला, आणि गुरुजी स्वतः इतके हसले की चौथा अध्याय पाच मिनिटांनी सुरू झाला. (खाल्लं होतं हो त्याने, दोन वाट्या शिरा, प्रसादाआधीच.)

पुस्तकात काय छापलंय? "मला भूक लागलीये, मला भूक लागलीये!" गुरुजींनी विचारलं, "कधीपासून?" तो म्हणाला, "सकाळपासून." हे ऐकून आम्ही सगळे पोट धरून हसलो.

माझ्या पोटात गोळा आला. भराभर पुढची पानं चाळली. सगळीकडे तेच. ताईची एकोणची गोष्ट आहे, ती इंग्रजी मीडियममधे, तिला एकोणतीस म्हणजे ट्वेंटी नाइन की थर्टी नाइन हे कळेना, म्हणून मी सांगितलं की एकोण म्हणजे एक ऊन, ऊन म्हणजे कमी. आधी तिने "बाहेरचं ऊन का?" विचारलं, ते निस्तरलं, मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, "आजी, मग एकोणसहा वाजलेत, मी खेळायला जाऊ?" मी घड्याळात बघितलं, पाच. त्यानंतर महिनाभर घरात तेच चालू होतं, एकोणतीन पोळ्या खाल्ल्या, एकोणदोन लाडू दे, आणि बाबा टूरला गेला त्या रात्री ताटं घेताना हळूच, "आज आपण एकोणसहा." छापील पुस्तकात ताई विचारते, "पाच वाजलेत, मी खेळायला जाऊ?" आणि पुढे माझं वाक्य, "मी घड्याळात पाहिले तर खरोखरच पाच वाजले होते. मी थक्क झाले." सात वर्षांच्या मुलीला घड्याळ कळतं म्हणून थक्क होणारी आजी!

छोटूचं "मी सगळं करलं" चं "केलं" झालं होतं. "आपण उद्या गेलो होतो" चं "काल गेलो होतो". आजोबांची बायको म्हणून तो मला "आजोबी" म्हणायचा, तिथे "आजी". आणि वर कहर म्हणजे, जिथे मूळ बरोबर होतं तिथे फॉन्टने खाल्लं होतं. मी फोनवर युनिकोडमधे लिहिलेलं यांनी आपल्या जुन्या फॉन्टमधे फिरवलं, त्यात सगळे "ऱ्य" गेले. खंडाळ्याला गाडीतनं बघून ताई म्हणाली होती "आजी, खाली केवढ्या दऱ्या", ते झालं "दर्या". खंडाळ्याला समुद्र आणला यांनी.

दुसऱ्या दिवशी गेले तणतणत. जिना कसा चढले आठवत नाही. मालक म्हणाला, "काकू, शुद्धलेखन तर आम्ही फुकट करून दिलंय, त्याचे पैसेपण लावले नाहीत", आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक गृहस्थ बसले होते, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठे असतील, पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन. रोज संध्याकाळी दोन तास येतात, जन्मभर प्रूफं तपासायचं काम केलेलं. मला बघून उठून उभे राहिले, मी शिक्षिका हे मालकाकडनं कळलं असावं, म्हणाले, "बाई, काही राहिलं का?"

राहिलं का म्हणे.

मी त्यांना पान सात वाचून दाखवलं, मूळ जसं होतं तसं, छोटूच्या आवाजात. "कधीपासून?" ला त्यांचे खांदे हलायला लागले, "सकाळपासून" ला चष्मा काढून डोळे पुसले. मग एकदम ओशाळले. म्हणाले, "मला वाटलं टायपिंगची चूक. चूक डोळ्यासमोर असली की हात थांबत नाही हो." आता यावर मी काय बोलणार? एकतीस वर्षं माझाही हात थांबला नव्हता. किती पोरांच्या निबंधातली "भुतं" मी लाल पेनने मारली असतील देव जाणे.

सगळी पुस्तिका परत छापा असं म्हणायचं मनात होतं, पण वाटून झाल्या होत्या. तोडगा त्यांनीच काढला. जुन्या पुस्तकांत शेवटी शुद्धिपत्र चिकटवलेलं असायचं ना, अशुद्ध एका बाजूला आणि शुद्ध दुसऱ्या, तसंच करू म्हणाले, फक्त उलटं. तिथल्या तिथे बसून आम्ही दोघांनी मिळून ते तयार केलं. पिवळ्या कागदाची चिठ्ठी, वर ठळक अक्षरात "अशुद्धिपत्र", आणि खाली: पान ७, छापले आहे – भूक, वाचावे – भूत. पान १२, छापले आहे – पाच वाजले, वाचावे – एकोणसहा वाजले. पान १९, छापले आहे – आजी, वाचावे – आजोबी. अशा एकूण चौदा. लिहिता लिहिता त्यांनी त्यांच्या नातीच्या तीन गोष्टी सांगितल्या. भिशीचा नियम लावला असता तर तिसरीला पन्नास रुपये झाले असते, मी नाही घेतले. तिसरी सगळ्यात चांगली होती पण ती त्यांची आहे, मी इथे सांगणं बरं नाही.

तीस चिठ्ठ्या फुकट छापून दिल्या, कापूनही दिल्या. मी घरोघर जाऊन चिकटवल्या, म्हणजे प्रत्येक घरी परत एकदा बसणं आलं आणि पान सात वाचून दाखवणं आलं. भिशीतल्या ज्या बाईने दंडाचा ठराव मांडला होता तिने चिठ्ठी वाचली, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, आणि आता हे अशुद्धिपत्र कुठल्या कुठल्या ग्रुपांवर फिरून परवा विहीणबाईंच्या शेजारणीकडनं माझ्याकडेच परत आलं. पुस्तक किती जणांनी पूर्ण वाचलं माहीत नाही, चिठ्ठी मात्र सगळ्यांची पाठ आहे. नणंदेला फोनवर समजावलं, ती म्हणाली, "अगं मग ठीकाय, पण शिरा तेवढा आधी द्यायला नको होता, नैवेद्य व्हायचा होता." तिच्याकडनं साडेतीनसुद्धा मिळणार नाहीत.

आता हिशोब. पानं लावायचे ५० रुपये पान, अठ्ठेचाळीस पानांचे २,४००. कव्हरचं काम ५००. छपाई, आठ पानं रंगीत धरून, बाइंडिंगसकट १४० रुपये प्रत, तिसांचे ४,२००. एकूण ७,१००. स्वस्त नाही पण मी आणखी दोन ठिकाणी विचारलं होतं, तिथे पन्नासच्या खाली प्रती घेतच नव्हते. वागणूक पाच स्टार, कव्हर पाच, वेळ पाळली त्याचे पाच. फॉन्टचे दोन, कारण "ऱ्य" मोडणं हे पुण्यात बसून अक्षम्य आहे. न विचारता शुद्धलेखन केल्याचा एक स्टार द्यायचा होता, पण अशुद्धिपत्र बघून तो वाढवावा लागला. सगळं धरून साडेतीन. अर्धा मी माझ्या "ओके, छापा" चा कापलाय, तो कोणाच्या खात्यात घालायचा ते तुम्ही ठरवा.

तुम्ही करून घेणार असाल तर मजकुराच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा की मुलांच्या तोंडचं काहीही सुधारू नये, आणि ते तपासनीस असतील तर त्यांना एखादी गोष्ट आधी वाचून दाखवा.

दुसऱ्या भागाचं सामान जमतंय. पण एक झालं. परवा मी पोळ्या करत होते, छोटू आला, ओट्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, भूक लागलीये." स्वच्छ क. मी म्हटलं काय म्हणालास? तर परत, "भूक." कोणी शिकवलं विचारलं तर, "कोणी नाही, मला येतं." मी त्याच्याकडे बघतच राहिले, शेवटी सून बाहेरनं ओरडली, "आई, पोळी करपतीये."

चारची तारीख होती. दूध दीड लिटर लिहिलं आणि पुढे नुसतं "भूक" लिहिलं.